दुरुस्तीच्या दुकानासाठीं टायर खोलण्याचें यंत्र

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तें दृश्य सहसा विसरतां येत नाहीं. गोवऱ्यांच्या जाळांत लाल झालेली धाव लोहार व त्याचे साथीदार चिमट्यांनीं उचलून पुट्ट्यांवर बसवीत, वर घागरी रित्या करीत, आणि थंड होतांना धाव आकसून चाकाला घट्ट आवळून घेई. अशी धाव वर्षानुवर्षें हलत नसे. हवेच्या टायरची गोष्ट निराळी. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें बेलफास्ट येथें तो सायकलीसाठीं केला; १९३२ सालीं अमेरिकेंत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनें ट्रॅक्टरला हवेचे टायर लावून ते विकावयास आरंभ केला. आपल्याकडे गाड्यांना रबरी चाकें आलीं तेव्हां कित्येक गांवीं त्या गाडीलाच ‘डनलॉप’ म्हणूं लागले. हा टायर मात्र वारंवार उतरवावा व चढवावा लागतो. लोहाराच्या भट्टीच्या जागीं आतां पंक्चरचें दुकान आलें आहे.

हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, आपल्यांतील बरेच जण हल्लीं धाकट्या मुलाला किंवा पुतण्याला रस्त्याच्या कडेस दुरुस्तीचें दुकान घालून देतात व त्यासाठीं कर्ज काढतात. त्या कर्जाचा मोठा वांटा एका यंत्रांत गुंततो. यंत्र बंद पडलें तरी हप्ता बंद पडत नाहीं. आणि ऐन गाळपाच्या हंगामांत उंसाची ट्रॉली बांधावर अडकते ती वेगळीच.

आमच्या मतें पहिला प्रश्न यंत्राचा नसून चाकांचा आहे. दुकानापुढून कोणतीं चाकें जातात हें महिनाभर मोजून पाहावें. मोटारगाड्यांसाठीं जें साधें यंत्र मिळतें, त्यावर सामान्यतः बारापासून वीस इंचांपर्यंतच्या रिमा बसतात. जीप, पिकअप, ट्रॅक्टरचें पुढचें ६.००-१६ चें चाक व ट्रॉलीचें ७.५०-१६ चें चाक, एवढीं त्यावर होतात; मात्र रिमची रुंदी मावते कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. मागचें १३.६-२८ चें चाक त्यावर होणार नाहीं. त्यासाठीं तेल-दाबाचें अवजड यंत्र लागतें, आणि लहान दुकानदारानें त्याच्या मागें लागूं नये असें आम्हांस स्पष्ट वाटतें. मागच्या चाकांत पकडीसाठीं पाणी भरलेलें असलें तर तें शंभर लिटरांहून अधिक असतें. असें चाक दुकानीं आणण्यापेक्षां हातपंपाचा कड सोडविण्याचा दाब व लांब टाम्या घेऊन शेतावर जाणें सोयीचें पडतें.

दुसरा आक्षेप जुन्या कारागिरांचा. टामी व घण असतांना यंत्र कशाला, असें ते म्हणतात, आणि मोटारसायकलीच्या व गाडीच्या ट्यूबवाल्या चाकांपुरतें त्यांचें म्हणणें खरेंही आहे. परंतु ट्यूबलेस टायरमध्यें हवा धरून ठेवण्याचें काम टायरची कडच करते. टामीनें ती कड चिरली किंवा घणानें रिमची ओठी वांकली, कीं तो टायर पुढें रोज सकाळीं बसलेला दिसतो, आणि दोष मात्र रस्त्यावरच्या खिळ्याला मिळतो. दिवसाला अशीं चार-पांच चाकेंही येत नसतील, तर यंत्र घेऊं नये.

यंत्राचें तत्त्व सोपें आहे. रिमच्या मध्यावर एक खोलगट पन्हळ असते. टायरची तारेची कड एका बाजूस त्या पन्हळींत ढकलली, म्हणजे समोरच्या बाजूस ती रिमच्या ओठीवरून सुटण्याइतकी ढिली होते. यंत्र तेवढेंच करतें: एक फावड्यासारखा हात कड सुटी करतो, चार जबडे रिम धरतात, मेज फिरतें आणि वरच्या खांबावरील चोंच कड उचलून बाहेर काढते. ही चोंच रिमपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर राहिली पाहिजे. ताण आल्यावर खांब लवला, कीं चोंच रिमला घासते. म्हणून खरेदीच्या वेळीं रंग पाहूं नये. चोंच खालीं आणून कुलूप लावावें व दोन्ही हातांनीं खांब हलवून पाहावा. मेजाखालील दंतचक्राच्या पेटींतून तेल गळतें काय, हेंही वांकून पाहावें.

खांबाचे दोन प्रकार आहेत. एकांत आडवा हात बाजूस वळतो, दुसऱ्यांत सबंध खांब हवेच्या दाबानें मागें कलतो. कलत्या खांबाची वाखाणणी विक्रेते फार करतात. त्यांत एकदां केलेली जुळणी तशीच राहते व एकसारखीं चार चाकें लवकर उरकतात, हें खरें. पण खेड्यांतील दुकानांत एकामागून एक एकसारखीं चार चाकें किती वेळां येतात? पुन्हा त्याला मागें मोकळी जागा लागते व हवेचे भाग वाढतात. आमचा कल साध्या वळत्या हाताकडे आहे. बुटक्या व कठीण बगलेच्या टायरांसाठीं जो साहाय्यक हात असतो तो आज घेऊं नये. मात्र पुढें जोडतां येईल असें यंत्र घ्यावें, कारण तशीं चाकें आतां तालुक्याच्या रस्त्यावरही दिसूं लागलीं आहेत.

खरी हानि हवेच्या वाटेनें येते. हें यंत्र आठ ते दहा बार दाबाच्या हवेवर चालतें. आमच्या परिचयाच्या एका दुकानांत पहिल्याच पावसाळ्यांत कड सोडविणारा हात अडकला. यंत्र वाईट निघालें म्हणून चार महिने विक्रेत्याशीं भांडण चाललें. शेवटीं नळकांडें उघडलें तर आंत गंजाचें पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकींतलें पाणी कोणीं कधीं सोडलेंच नव्हतें, आणि पाणी गाळणारी व तेल देणारी जोडणी पैसे वांचवावे म्हणून वगळली होती. चूक विक्रेत्याचीही होतीच. त्यानें ती जोडणी न देतां यंत्र बसविलें. यंत्रावर दहा हजार कमी खर्च करून ते कॉम्प्रेसरवर घालावे, असें आम्हीं म्हणूं.

विजेचेंही तसेंच. शेतीपंपाच्या वाहिनीवर तीन फेज वीज पाळीपाळीनें येते, आणि तो जोड दुकानाला वापरणें नियमास धरूनही नाहीं. दुकानाचा स्वतंत्र जोड घ्यावा व गांवठाणांत तीन फेजची खात्री नसेल तर एक फेजची मोटर निवडावी. दाब फार उतरला असतां यंत्र चालवूं नये, मोटर जळते.

कडेला ग्रीस किंवा डिझेल लावण्याची खोड मोडली पाहिजे. खनिज तेलानें रबर फुगतें. साबणाचें पाणी पुरतें. कड बसत नाहीं म्हणून मोटारीच्या टायरमध्यें चाळीस पौंडांवर हवा कोंबूं नये. हवा सोडून, कडेला पुन्हा साबण लावून चाक नव्यानें बसवावें. मालमोटारीच्या कडींच्या रिमा तर पोलादी पिंजऱ्याशिवाय भरूंच नयेत. निसटलेली कडी माणूस मारते.

राहतां राहिले सुटे भाग. जबडे, चोंच, हवेचीं रबरी वाशेरें व पायपट्टीचे व्हॉल्व्ह हे झिजणारच, आणि हमींत बहुधा हेच वगळलेले असतात. पैसे देण्यापूर्वीं हे भाग विक्रेत्याच्या फडताळांत प्रत्यक्ष पाहावे, त्यांच्या किंमती पावतीवर लिहून घ्याव्या. यंत्र पाहावयास जातांना गांवांतील सर्वांत गंजलेलें, टायर चिकटून बसलेलें एखादें चाक गाडींत घालून न्यावें व तें आपल्या मुलाच्या हातून तेथें उतरवून पाहावें. विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जावें.