मापाचे पिस्तूल

ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात नेमबाजासमोर पाच लक्ष्ये असतात. सर्वांत वेगवान मालिकेत त्या पाचांवर एकेक गोळी झाडायला अवघे ४ सेकंद मिळतात, तेही एकाच हाताने. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमारने याच प्रकारात रौप्यपदक जिंकले. अशा यशानंतर खेळाडूच्या जिद्दीचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. त्याच्या हातातील साधनाचा विचार मात्र क्वचितच होतो. नेमबाजी राज्यात खोलवर रुजवायची असेल, तर तो करावा लागेल.

इटलीत तस्कनीच्या किनाऱ्यावरील लिदो दी कामायोरे येथील पार्दिनी ही कंपनी स्पर्धेच्या पिस्तुलांसाठी जगभर ओळखली जाते. तिच्या ‘एसपी’ पिस्तुलात गोळ्यांचे मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे आहे. त्यामुळे मुठीत पोकळी ठेवावी लागत नाही आणि लाकडाला तळहाताचा हवा तसा आकार देता येतो. नळीही हाताच्या तुलनेत बरीच खाली बसवलेली असते. त्यामुळे गोळी सुटताना बसणारा धक्का जवळपास सरळ मागे येतो, नळीचे तोंड फारसे वर उसळत नाही आणि पुढचे लक्ष्य लवकर सापडते. मूठ लहान-मोठ्या मापांत मिळते, चाप पुढे-मागे सरकवता येतो आणि वजनाचा तोल बदलता येतो. खालचा सांगाडा तोच ठेवून वरचा भाग व मॅगझिन बदलले, की .२२ कॅलिबरचे पिस्तूल .३२ चे होते. सुट्या भागांची ही रचना म्हणजेच मॉड्युलर पिस्तूल.

एवढी मोकळीक मिळाल्यावर स्पर्धा यंत्रांची होत नाही का? आंतरराष्ट्रीय नियमांनी याची काळजी घेतली आहे. २५ मीटरच्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. चाप किमान १००० ग्रॅमचा भार पेलणारा असावा लागतो. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर रॅपिड फायरमधून कमी धक्क्याची ‘.२२ शॉर्ट’ गोळी आणि अगदी हलका चाप बाद झाला, तेव्हा उत्पादकांना आपली पिस्तुले नव्या नियमांत बसवावी लागली. म्हणजे हात स्थिर ठेवण्याचे काम नियमांनी माणसाकडेच ठेवले आहे. निर्मात्याला वाव आहे तो पिस्तूल त्या हाताला नेमके बसवण्याचा. लहान चणीची मुलगी आणि धिप्पाड तरुण यांना सारखी संधी मिळते ती यामुळेच.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. तिच्यामागून येणाऱ्या अनेक मुली क्लबच्या सामायिक पिस्तुलावर शिकतात. मूठ दुसऱ्याच्या मापाची असली, की बोट चापावर तिरके पडते आणि मनगट ती चूक सावरायला शिकते. ही सवय पुढे मोडणे कठीण असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरची अमूल्य मिनिटे पिस्तुलातील बिघाडात गेली, हेही विसरू नये. सरावाइतकेच महत्त्व देखभालीलाही आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

ही पिस्तुले परदेशातून येतात, महाग असतात आणि परवान्याची प्रक्रियाही काटेकोर आहे, हा आक्षेप खरा आहे. परवान्यात ढिलाई असूही नये. पण मॉड्युलर रचनेचा फायदा नेमका येथे होतो. प्रत्येक मुलासाठी नवे पिस्तूल घेण्याची गरज नसते. सामायिक पिस्तुलांसोबत वेगवेगळ्या मापांच्या मुठी, स्प्रिंगा व इतर सुटे भाग ठेवले आणि ते बसवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमला, तर आहे त्याच पिस्तुलावर अधिक मुले नीट घडतील. क्रीडा विभागाने व नेमबाजी संघटनांनी खरेदीच्या यादीत पिस्तुलाइतकेच स्थान या भागांना आणि या तंत्रज्ञांना द्यावे.