लाजेपायी मूत्रपिंडं गमावू नका!

मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या, स्पायना बिफिडा घेऊन जन्मलेल्या सर्वांना आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीची विनंती.

लग्नाला जायचं म्हणून आदल्या दिवसापासून पाणी तोडणं आजच बंद करा. त्याने लघवी दाट होते, जंतुसंसर्ग आणि खडे होण्याचा धोका वाढतो, शौचालाही खडा होतो. मेंदूचे निरोप मणक्यातून मूत्राशयाला पोचेनासे झाले की ते नीट रिकामं होत नाही. आत दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढू शकते. संवेदना नसल्याने दुखत नाही, म्हणून वेळेवर कळत नाही. कपडे कोरडे आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका.

उपाय आहे. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीज यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने रुग्ण स्वतःच लघवी काढू शकतो. डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून हे शिकून घ्या. साधारणपणे दर चार ते सहा तासांनी नळी घालायची असते. एका वेळी 500 मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी निघत असेल, तर वेळा बदलून घ्या. मनाने पोट दाबून लघवी काढू नका.

शौचालाही वेळ बांधून घ्या. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, म्हणून नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने कमोडवर बसा, पायांखाली पाट घ्या. पण तासभर बसून राहू नका, बैठकीला जखमा होतात.

छातीच्या मध्यापासून वर मणक्याला इजा असेल आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहऱ्याला घाम फुटला, तर रुग्णाला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का पाहा, मूत्राशय रिकामं करा. काही मिनिटांत उतार पडला नाही, तर 108 ला फोन करा. रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढलेला असू शकतो.

मंगल कार्यालयं, शाळा, बसस्थानकं चालवणाऱ्यांनो, व्हीलचेअरसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि जुने बॅनर कोंबलेले असतात. ते आजच बाहेर काढा. आत साबण, पाणी, नळी ठेवायला फळी, झाकणाची बादली आणि लागणारी कडी एवढं असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ही सोय म्हणजे उपकार नव्हे.

आणि रुग्णांनो, उद्यापासून तीन दिवस एका कागदावर लिहा : किती वाजता किती पाणी प्यायलात, किती लघवी निघाली, कपडे कधी ओले झाले. तो कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी शेवटची कधी झाली, हे स्वतःहून विचारा.