कोडमधले टिंब: लिहा थोडक्यात, समजून घ्या पूर्ण

‘मु. विचुंबे, ता. पनवेल, जि. रायगड’ वाचताना मुक्काम, तालुका, जिल्हा आपण मनातच पूर्ण करतो. जावास्क्रिप्टमध्ये २०२० साली अधिकृत झालेले ‘?.’ हे चिन्ह असेच लघुरूप आहे. ‘ऑर्डर.पत्ता?.पिनकोड’ म्हणजे पत्ता असेल तरच पिनकोड घे. नसेल तर प्रोग्राम बंद पाडू नकोस. कॉफीस्क्रिप्टमध्ये ही सोय आधीपासून होती. जुन्या ब्राउझरना हे चिन्ह कळत नाही. त्यांच्यासाठी बेबेलसारखे साधन त्याचे लांबलचक ‘जर-तर’ करून देते.

सोय उत्तमच. पण सगळीकडे ‘?.’ टाकले, तर पत्ता नसलेली ऑर्डरही गुपचूप पुढे सरकते आणि चूक कळते ती ग्राहकाचा फोन आल्यावर. म्हणून नवशिक्यांनी आधी ते ‘जर-तर’ हाताने लिहावे, मगच टिंबावर विसंबावे.