हाली सिक्क्याचा राहिलेला हिशेब

अनेक राज्ये किंवा देश मिळून एकच नाणे वापरू लागतात, आणि त्यांपैकी कोणालाही ते आपल्या मर्जीने छापण्याचा, स्वस्त किंवा महाग करण्याचा अधिकार उरत नाही, तेव्हा त्या नाण्याला सामायिक चलन म्हणतात. सुगीच्या दिवसांत अशा चलनाने व्यापाराची सोय होते. परंतु पीक बुडाले, बाजार बसला किंवा सरकारचे उत्पन्न आटले की तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर टांकसाळीपाशी मिळत नसल्यामुळे ते खजिन्यापाशी मागावे लागते. ग्रीसने हा प्रश्न २०१० साली युरोपला विचारला. कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा औराद तालुका आणि त्याच्या भोवतालचा मराठी-कानडी-तेलुगू मुलूख हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत या प्रश्नातून जाऊन आला आहे. केंद्राच्या करांतला वाटा कोणाला किती, यावरून राज्ये आणि दिल्ली यांच्यात वाद पेटलेला असताना तो जुना अनुभव तपासणे अगत्याचे आहे. कारण या वादात दोन्ही बाजू रुपया एक असल्याचे गृहीतच धरतात आणि तो एक कशामुळे राहिला आहे याची चौकशी कोणी करत नाही.

निजामाच्या राज्यात इंग्रजी अमलाखालील मुलखाचा रुपया ‘कलदार’ म्हणून आणि संस्थानाचा स्वतःचा रुपया ‘हाली सिक्का’ म्हणून ओळखला जाई. पहिल्या महायुद्धात चांदीची तीव्र टंचाई झाली तेव्हा, १९१८ साली, हैदराबाद सरकारने कायदा करून उस्मानिया सिक्का या नावाने कागदी नोटाही काढल्या. १९४२ साली या चलनाचा कारभार नव्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे गेला. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, म्हणजे शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा दर ठरलेला होता. बीदरकडचा कापूस किंवा धान्य सोलापूरसारख्या इंग्रजी हद्दीतल्या पेठेत विकले की पैसा कलदारात येई, आणि शेतसारा मात्र हालीत भरावा लागे. मधल्या अदलाबदलीत जो बट्टा, म्हणजे नाणे बदलण्याबद्दलची कटौती, बसे, तो आणे-पैचा हिशेब ज्याला जमत नसे त्याच्याच माथी येत असणार हे उघड आहे. त्याखेरीज संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे मालावरील जकातीचे, नाके होते. एकच बोली आणि एकाच सोयरिकीचा प्रदेश असूनही तो दोन चलनांनी आणि दोन जकातव्यवस्थांनी विभागलेला होता.

हैदराबादच्या राज्यकर्त्यांना या स्वतंत्र नाण्याचा मोठा अभिमान होता, आणि संस्थान सार्वभौम असल्याचा पुरावा म्हणून ते चारमिनारचे चित्र असलेल्या रुपयाकडे बोट दाखवत असत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते स्वातंत्र्य बरेचसे दिखाऊ होते. ज्या नाण्याचा भाव दुसऱ्या नाण्याशी बांधलेला असतो आणि तो टिकवण्यासाठी ज्याच्या मालकाला त्या दुसऱ्या सरकारचे रोखे जवळ ठेवावे लागतात, त्याची किंमत आपल्या टांकसाळीत ठरत नाही. कलदार स्वस्त झाला की हालीही स्वस्त होणार, हे ठरलेलेच असते. चलन वेगळे पण भाव परका, अशी ही व्यवस्था होती. आजही नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला असून काठमांडूच्या धोरणाला तीच मर्यादा पडते.

दिखाऊ स्वातंत्र्य खरे करून दाखवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा संकट आले. भारत सरकार आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, आणि त्यावरील शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर निर्बंध घातले, तर दुसऱ्याने भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन नसल्याचे जाहीर केले. कायदेशीर चलन नसणे म्हणजे देणे फेडताना ते नाणे स्वीकारण्याची सक्ती कोणावर नसणे. ज्या सीमाभागाचा अर्धा बाजार कलदारावर चाले, तेथे या हुकमाचा अर्थ सार्वभौमत्वाची घोषणा एवढाच नव्हता. घरात साठवलेला पैसा बाजारात खोळंबणे असाही होता. त्याच सुमारास निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिले. दिल्लीने ते रोखे वटणार नाहीत अशी व्यवस्था केली, आणि संस्थानाची गंगाजळी ज्या कागदांत होती ते कागद दुसऱ्याच्या सहीने चालतात, हे सत्य सर्वांना दिसले. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारताच्या पोलिस कारवाईने संस्थान विलीन झाले. परंतु चलनाच्या पातळीवर निजामाचे सार्वभौमत्व त्याच्या काही महिने आधीच निकालात निघाले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

१९४७-४८ च्या त्याच हिवाळ्यात उपखंडात आणखी एक सामायिक चलन मोडत होते, हे सहसा लक्षात येत नाही. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक काही काळ एकच, म्हणजे रिझर्व्ह बँक, होती. पाकिस्तानात चालणाऱ्या नोटांवर त्या सरकारचे नाव जादा छापले जाई आणि ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत चालायची होती. एकत्रित शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या पंचाहत्तर कोटींपैकी पंचावन्न कोटी रुपये काश्मीरमधील युद्धामुळे भारताने रोखून धरले, आणि गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, जानेवारी १९४८ मध्ये, ते देण्याचा निर्णय झाला. मुदतीच्या तीन महिने आधीच व्यवस्था संपली आणि १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुरू झाली. दोन सरकारे युद्धात समोरासमोर उभी असताना त्यांची बँक एक राहू शकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पण त्या वेळी बँक तुटली ती हिशेबातल्या चुकीमुळे नव्हे. समान गंगाजळीवर कोणाचा हुकूम चालावा याचा निवाडा करणारी, दोघांनाही मान्य असलेली राजकीय संस्था नव्हती म्हणून.

हैदराबादच्या बाबतीत तशी संस्था होती, आणि फरक तेथेच पडला. हाली सिक्का एका रात्रीत रद्द झाला नाही. विलीनीकरणानंतरही नोटा काढत राहण्याची मुभा मिळालेले हे एकमेव संस्थान होते. १९५० पासून भारतीय रुपया आणि हाली रुपया सहास सात या दराने शेजारीशेजारी चालले, पुढे नव्या हाली नोटा थांबल्या आणि १९५९ साली ते चलन पूर्णपणे रद्द झाले. याच काळात १ एप्रिल १९५० पासून संस्थानांचे आर्थिक एकीकरण अमलात आले; रेल्वे, टपाल, प्राप्तिकर आणि सीमाशुल्क केंद्राकडे गेले, आणि त्यामुळे राज्यांच्या महसुलात जी खोट येईल ती पहिली काही वर्षे पूर्ण व पुढे उतरत्या प्रमाणात भरून देण्याची हमी व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीच्या शिफारशींनुसार देण्यात आली. हैदराबादला अंतर्गत जकात हळूहळू काढून टाकण्यासाठीही सवड मिळाली. नाणे एक होण्याआधी खजिन्यांचा समझोता झाला, आणि तुटीची जबाबदारी कोणावर हे कागदावर आधीच लिहिले गेले.

युरोपने हीच कामे उलट्या क्रमाने केली. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने चलनाची चौकट ठरली, १९९९ मध्ये युरो हिशेबात आला आणि २००२ मध्ये लोकांच्या खिशात. पण समाईक खजिना निर्माण झाला नाही. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ साली मांडले होते की ज्या प्रदेशांना एकच चलन वापरायचे आहे त्यांच्यात मजुरांना सहज इकडून तिकडे जाता आले पाहिजे. समृद्ध भागाकडून अडचणीतल्या भागाकडे पैसा वळवण्याची सोय असावी, ही भर पुढच्या अभ्यासकांनी घातली. ग्रीसकडे दोन्ही अपुरे होते. स्वतःचे चलन असते तर त्याचे मूल्य उतरवून निर्यात वाढवता आली असती. ते नसल्यामुळे पगार, निवृत्तिवेतने आणि रोजगार उतरवावे लागले, आणि २०१३ साली तेथील बेकारी सत्तावीस टक्क्यांच्या वर गेली. जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद ठेवून खातेदाराला दिवसाला साठ युरोंची मर्यादा घालावी लागली; ५ जुलैच्या सार्वमतात जनतेने कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, तरी काही दिवसांत सरकारला तशाच अटी मान्य कराव्या लागल्या. मतपेटी अथेन्समध्ये होती आणि नोटांचा पुरवठा फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या हातात. जर्मनीने स्वतःच्या घरात मात्र १ जुलै १९९० रोजी पूर्वेकडील पगार एकास एक या महाग दराने पश्चिमेच्या मार्कात बदलले, त्यामुळे पूर्वेचे कारखाने बसले, आणि तरीही ते राष्ट्र टिकले. कारण तो तोटा पश्चिमेच्या करदात्याने वर्षानुवर्षे सोसला. दर चुकला तरी खजिना एक असेल तर चलन तरते. खजिना वेगळा असेल तर अचूक दरही पुरत नाही.

भारतातील आजचा वाद या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. कोणत्याही राज्याला रुपया छापता येत नाही, त्याचे मूल्य बदलता येत नाही, आणि केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राच्या संमतीवाचून कर्जही काढता येत नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आल्यापासून कर बसवण्याचे बरेचसे स्वातंत्र्यही राज्यांनी परिषदेच्या स्वाधीन केले आहे. या सर्व त्यागांच्या मोबदल्यात, केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगाचे वाटप आहे. पंधराव्या आयोगाने कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर आणला, आणि ७ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकाचे मंत्री व आमदार जंतरमंतरवर निदर्शनास बसले. कर्जमर्यादेवरून केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०२४ रोजी तो प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला.

या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते उपकर व अधिभार यांच्यात आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांपैकी एक्केचाळीस टक्के राज्यांना मिळतात असे सांगितले जाते. ते प्रमाण विभाज्य निधीचे, म्हणजे वाटपास पात्र ठरवलेल्या रकमेचे असते, आणि उपकर व अधिभार त्या निधीच्या बाहेर ठेवण्याची मोकळीक केंद्राला आहे. सर्वांच्या चलनात गोळा होणारा पैसा असा कडेला काढून ठेवणे हे सामायिक खजिन्याचे तत्त्व केंद्राने स्वतः मोडणे होय. या रकमेवर घटनात्मक मर्यादा घालावी ही मागणी पक्षभेद सोडून सर्व राज्यांनी करायला हवी. मात्र ‘ज्याने जितका कर भरला त्याला तितका परत’ हा युक्तिवाद वेगळा आहे, आणि बंगळुरूच्या व्यासपीठावरून तो मांडला जातो तेव्हा त्याचा पहिला बळी औरादसारखा तालुका ठरतो. पंधराव्या आयोगाने पंचेचाळीस टक्के भार उत्पन्नातील अंतराला, म्हणजे सर्वाधिक दरडोई उत्पन्नाच्या राज्यांपासून एखादे राज्य किती मागे आहे याला, दिला. बंगळुरूच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाने कर्नाटकाची सरासरी उंचावली, त्या सरासरीत कोरडवाहू तुरीवर जगणारा औरादचा शेतकरीही कागदोपत्री श्रीमंत झाला आणि राज्याचा वाटा घसरला. हा अन्याय खराच. पण तेच तत्त्व राज्याच्या आत लावून भरलेल्या करावर वाटप ठरवले तर त्याच शेतकऱ्याला राज्याच्या खजिन्याकडून मिळण्यासारखे जवळपास काहीच उरणार नाही. दिल्लीला ऐकवलेला युक्तिवाद कलबुर्गीचे लोक बंगळुरूकडून ऐकून घेतील, अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे.

राज्याच्या आतही मागास भागाकडे पैसा वळवावा लागतो, हे कर्नाटकाने एकदा मान्यही केले आहे. नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात अति मागास ठरवलेल्या एकोणचाळीस तालुक्यांपैकी एकवीस गुलबर्गा (आजच्या कलबुर्गी) विभागातले होते. त्यानंतर दहा वर्षांनी अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(जे) आला आणि हैदराबाद-कर्नाटकासाठी, म्हणजे २०१९ पासूनच्या कल्याण कर्नाटकासाठी, स्वतंत्र विकास मंडळ व स्थानिकांना राखीव जागा मिळाल्या. त्याच्या कितीतरी आधी, राज्य पुनर्रचनेत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले, तर उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात. हाली सिक्क्याच्या वारसांपैकी हे दोघे आज वेगवेगळ्या खजिन्यांकडे हात पसरतात, आणि सीमेपलीकडच्या मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपल्यावर बंद पडले. मंडळ असलेल्या बाजूलाही निधी मंजूर होणे आणि तो तालुक्यात खर्च होणे यांत अंतर राहते. त्यामुळे यापुढे वित्त आयोगासमोर आपली बाजू मांडताना कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी आपापल्या राज्यांतील तालुकानिहाय उत्पन्न आणि खर्च यांचे आकडे सोबत जोडावेत, आणि आयोगानेही राज्याच्या सरासरीबरोबर राज्यांतर्गत विषमता हा निकष वाटपात धरावा. तो धरला तर कर्नाटकाचा वाटा वाढण्यास सबळ कारण मिळेल, आणि वाढलेला वाटा औरादपर्यंत पोहोचला की नाही हे मोजण्याचे साधनही.