शिक्षा खासगी कशी?

मंडळी, ‘पोलीस निरीक्षक निलंबित’ असे पेपरात वाचले की आपल्याला बरे वाटते. पण निलंबन ही शिक्षा नव्हेच! चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवायचे आणि निर्वाह भत्ता द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. खरी शिक्षा ठरते ती खातेनिहाय चौकशीत. तिचे पुढे काय झाले, ते कुणी छापत नाही.

माहितीचा अधिकार आहे ना, असे म्हणाल. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश ही कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती. व्यापक जनहित दाखवाल तरच मिळेल. प्रकरण होते अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या अधिकाऱ्याचे, पण ढाल सगळ्याच खात्यांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमातली जनहिताची वाटही काढून टाकली. उरले कलम ८(२), तेही अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

शाळेत नापास पोरांची यादी फळ्यावर लागायची, तेव्हा ‘खासगी बाब’ कुणाला आठवली नाही. असो.

ख्वाजा युनूस आठवतो का? परभणीकडचा तरुण इंजिनिअर. घाटकोपरच्या स्फोटानंतर पकडला, जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. पळून गेला म्हणे. सीआयडीने मात्र पोलिसांवरच खुनाचा गुन्हा लावला. २००४ मध्ये सचिन वाझे व तीन शिपाई निलंबित झाले. खटला तसाच पडून असताना जून २०२० मध्ये चौघेही परत कामावर! कारण काय, तर करोनामुळे मनुष्यबळ कमी. मार्च २०२१ मध्ये वाझेंना स्फोटकांच्या प्रकरणात अटक झाली आणि मे महिन्यात बडतर्फी, तीही खातेनिहाय चौकशीशिवाय. म्हणजे मनात आले तर दोन महिने पुरतात, नाहीतर सोळा वर्षे.

खोट्या तक्रारी होतात, प्रामाणिक पोलीस उगाच बदनाम होईल, हे मला मान्य आहे. म्हणून मी फक्त सिद्ध झालेल्या कसुरींबद्दल बोलतो आहे. कॅलिफोर्नियातही हे दप्तर कुलूपबंद होते. २०१९ पासून तिथे पोलिसांचा गोळीबार, सिद्ध झालेला लैंगिक अत्याचार, सिद्ध झालेला खोटेपणा यांच्या नोंदी मागेल त्याला द्याव्या लागतात.

पोलिसाचा घरचा पत्ता, आजारपण, रजा आम्हाला नको. कोठडीत माणसाला मारल्याबद्दल त्याची वेतनवाढ रोखली की नाही, एवढेच विचारतोय. ती कोठडी त्याच्या घरातली नव्हती.