पोरांना मोबाईलबंदी, पण सरांच्या मोबाईलचं काय?

सोलापूर : गावाकडच्या हायस्कूलमध्ये मोबाईलचा विषय निघाला की बोट आधी पोरांकडे जातं. दप्तर तपासा, मोबाईल जप्त करा, पालकांना बोलवा. सरांच्या हातातल्या मोबाईलबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

सगळे शिक्षक वर्गात रील्स बघत बसतात, असं म्हणणं अन्यायाचं होईल. यू-डायस, सरल, अपार आयडी, पोषण आहाराची नोंद. शाळेचं निम्मं ऑफिस आज शिक्षकाच्या खिशात आहे. त्यात ग्रुपवर मेसेज येतो, ‘माहिती तातडीने सादर करावी’. जिथं लिपिक नाही, तिथं हे काम तासावरच उरकलं जातं. मोबाईल शिक्षकाचा, रिचार्जही शिक्षकाचा. पण बाकावरच्या पोराला दिसतं एवढंच, की सर मोबाईल बघतात आणि बंदी आपल्याला.

बरं, हा जिल्हा मोबाईलला नावं ठेवणारा नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड आले. आता प्रश्न असा, की तो स्कॅन करायचा कुणाच्या मोबाईलवर? घरातला एक फोन दिवसभर वडिलांबरोबर रानात, संध्याकाळी भावाच्या हातात.

‘असर’ २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची मुलं आहेत. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. स्वतःचा फोन असलेली मुलं ३६ टक्के, मुली २७ टक्के. म्हणजे शाळेतल्या नुसत्या बंदीनं घरचे रील्स थांबत नाहीत. ज्या मुलीला घरी फोन मिळत नाही, तिची मात्र शाळेतली वाटही बंद होते.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास मोबाईल, टीव्ही बंद. पोरांचाही आणि आई-बापाचाही. नियम थोरांनाही लागू झाला, म्हणून तो पोरांना सांगता आला.

हायस्कूलमध्येही तसंच करता येईल. तासाला जाताना सरांचा मोबाईल ऑफिसात राहावा, आणि शाळेचे दोन-चार टॅब ग्रंथालयात शिक्षकाच्या नजरेसमोर मुलांना मिळावेत. मात्र त्याआधी तालुक्याच्या ऑफिसातून भर शाळेच्या वेळेत येणारं ते ‘तातडीने’ थांबायला हवं.