शिजवले म्हणजे संपले?

मुंबई–गोवा महामार्ग सोडून मालवणकडे जायचे तर कसालला वळावे लागते. पर्यटक तेथे चहापुरता थांबतो आणि मालवणी जेवणाची पाटी शोधत पुढे निघतो. परंतु ज्याला आपल्या ताटाचा भूगोल समजून घ्यायचा आहे, त्याने ह्या तिठ्यावर जरा अधिक वेळ उभे राहावे. बंदरावरची मासळी ह्या वाटेने वर चढते. घाटापलीकडची ब्रॉयलर कोंबडी पिंजऱ्यांच्या गाड्यांतून महामार्गाने येते. अंडी येतात, दूध येते, आणि पावसाळ्यात समुद्र बंद असला की परप्रांतीची मासळीदेखील येते. ह्या ये-जेबद्दल कोणी शंका काढलीच, तर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर तयार असते. 'आम्ही काय कच्चे खातो? रटरटा शिजवून खातो. शिजवले की मेले सगळे जंतू!' उत्तर देणाऱ्याच्या मुद्रेवर असे काही समाधान असते, की पाश्चरसाहेबांनी शोध लावण्यापूर्वीच आमच्या आजीने तो चुलीवर लावून ठेवला होता.

ह्या उत्तरात जेवढे खरे आहे तेवढे आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. दुधाच्या बाबतीत आजीने खरोखरच तो लावून ठेवला होता. गाईच्या क्षयाचे जंतू, ब्रुसेला नावाचा तो महिनोन् महिने ताप आणणारा जंतू, हे कच्च्या दुधातून माणसात येतात आणि दूध उकळले की मरतात. निरशा दुधाचे कौतुक करणाऱ्या देशांना ह्या जंतूंनी पिढ्यान् पिढ्या छळले. आपल्याकडे मात्र दूध घरात आले की पहिल्याने चुलीवर चढते. कोणत्याही सरकारी खात्याने न शिकवलेली ही सवय आहे आणि तिने किती मुले वाचवली असतील ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. वाद आहे तो ह्याच्या पुढे. एका दुधाच्या भांड्यावर मिळवलेला हा विजय आपण साऱ्या स्वयंपाकघराला, साऱ्या बाजाराला आणि हॉटेलांच्या मागच्या अंगणालाही लागू करून टाकला आहे, आणि त्यावर निर्धास्त झोपलो आहोत.

आता बांगडाच घ्या. ह्या किनाऱ्यावर बांगड्याविरुद्ध बोलणे म्हणजे घरच्या माणसाविरुद्ध साक्ष देण्यासारखे आहे, तरी बोलतो. बांगडा, कुपा, इसवण, तारले, पेडवे ह्या जातींच्या मांसात हिस्टिडिन नावाचे एक द्रव्य मुबलक असते. मासा जिवंत असेपर्यंत त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू आपापल्या जागी असतात. मासा मेला आणि ऊब मिळाली, की ते वाढू लागतात, मांसात शिरतात आणि ह्या हिस्टिडिनचे हिस्टॅमिन करून टाकतात. आपल्याकडच्या तीस अंशांच्या दुपारी ह्याला काही तास पुरतात. मग तो बांगडा तुम्ही तळा, तिरफळे घालून त्याचे तिखले करा, मीठ भरून खारवा, नाहीतर बर्फाच्या पेटीत महिनाभर गोठवून ठेवा, हिस्टॅमिन जेथल्या तेथे राहते. जंतू मेले, त्यांनी केलेले विष मेले नाही. वासावरून ते कळेलच असेही नाही. जागतिक मानकाने त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठरवली आहे, परंतु आपल्या नाकाला मिलिग्रॅम मोजता येत नाहीत.

असा मासा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर दोन-तीन तासांत चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, छाती धडधडते. आणि घरातले वडीलधारे काय म्हणतात? 'बांगडो बाधलो.' ह्या 'बाधणे' क्रियापदाइतके सोयीचे क्रियापद मराठीत दुसरे नसेल. ज्या शब्दाने भुताची बाधा सांगायची त्याच शब्दाने माशाची! दोन्हींत दोष कोणाचा हे विचारायचे कारणच उरत नाही. एकाच्या नशिबात भूत असते, दुसऱ्याच्या प्रकृतीत पित्त असते. मग अंगाला कोकमाचे पाणी चोळायचे आणि 'तुला बांगडा सोसत नाही' असा निकाल देऊन पोराचा बांगडा जन्माचा तोडायचा. त्या पोराला बांगडा बहुधा पुष्कळ सोसला असता. सोसली नाही ती होडी ते चूल ह्यांच्यामधली बिनबर्फाची दुपार. आणि त्या दुपारची नोंद ना दवाखान्याच्या कागदावर होते, ना पंचायतीच्या दप्तरात.

जंतू मरतो पण विष उरते, असे उदाहरण एकट्या बांगड्याचे नव्हे. हाताला पिकलेले फोड असलेल्या माणसाने खवा मळला आणि तो उबेत पडून राहिला, तर त्यातल्या स्टॅफिलोकोकसचे विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. दिवाळीच्या अंकात हे लिहावे की नाही असा विचार मनात आला होता. पण खव्याचा खप ह्याच दिवसांत, तेव्हा लिहिले.

आता कोंबडी. मालवणी रस्सा असा उकळतो की त्यात साल्मोनेला वा कॅम्पिलोबॅक्टर टिकणे शक्य नाही, हे मी आनंदाने कबूल करतो. परंतु ताटात एकटा रस्सा नसतो. ज्या फळीवर कोंबडी तोडली, ज्या सुरीने तोडली, त्याच फळीवर त्याच सुरीने कांदा चिरला जातो; तो कांदा, ते लिंबू, ती कोथिंबीर कच्चीच ताटात येते. दुकानात तर एका बादलीतले पाणी सकाळपासून दुपारपर्यंत सुरी, फळी, हात आणि फडके ह्यांची एकत्र सेवा करीत असते. पोट बिघडले की आपण रश्शातल्या मसाल्याला शिव्या घालतो. बिचारा रस्सा! सबंध जेवणात निर्दोष सुटावा असा तोच एक असतो. तिसऱ्या-कालवांची तीच गत. हे जीव खाडीचे पाणी गाळून जगतात; म्हणजे खाडीत आपण जे सोडतो ते आपल्यासाठी साठवून ठेवतात. तिसऱ्या नुसत्या तोंड उघडेपर्यंत वाफवल्या तर आतले सारे मरतेच असे नाही.

जपानात ओसाका येथे १९५० साली लहान मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. तेथल्या शास्त्रज्ञांनी त्या मासळीतून समुद्रातला एक नवा जंतू शोधून काढला. आज तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस म्हणून ओळखला जातो. वीस माणसे मेली तर त्यांना नवा जंतू सापडला. आपल्याकडे वीस घरे एका रात्रीत ओकली तरी 'हवापालट' सापडतो.

असे का व्हावे? माझ्या मते ह्याचे कारण आपल्या नीतिकल्पनेत आहे. आपल्याला भेसळ कळते, जंतू कळत नाही. भेसळीला एक खलनायक असतो. तो पकडता येतो, त्याचा फोटो छापता येतो. १९५४ च्या जुन्या कायद्याचे नावच भेसळ प्रतिबंधाचे होते. तो जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, नावात 'सुरक्षा' आली. पण मनात अजून भेसळच आहे. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याची वार्ता उठली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवा. बाहेरून येणारी मासळी काही काळ बंद झाली. पुढे नोंदणीच्या आणि शीतपेटीच्या गाड्यांच्या अटी आल्या आणि सिंधुदुर्गातल्या मासळीच्या गाड्या सीमेवर अडकल्या. फॉर्मेलिन वाईटच, त्याची तरफदारी मी करीत नाही. पण फॉर्मेलिनचा मोह कोणाला होतो? ज्याच्याजवळ पुरेसा बर्फ नाही, त्याला. रोगावर एवढी ओरड झाली. बर्फावर कोण ओरडला?

आपल्याला हे जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९९७ साली युरोपीय संघाने आमच्या मासळीच्या कारखान्यांतली अस्वच्छता पाहून भारतीय मासळीवर बंदी घातली. मग काय झाले? फरश्या घासल्या गेल्या, पाणी तपासले जाऊ लागले, शीतगृहे आली, टप्प्याटप्प्यावर तापमान लिहिण्याच्या वह्या आल्या. म्हणजे विद्या होती, माणसे होती, पैसाही निघाला. ती कोळंबी ब्रुसेल्सच्या ताटात जाणार होती एवढीच काय ती अट! तोच मासा कसालच्या ताटात जाणार असला की त्याला वहीही नको आणि बर्फही नको.

'गरीब देशाला हे चोचले परवडत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज पाहावा. दूषित अन्नाने जगात दरवर्षी ६० कोटी माणसे आजारी पडतात, ४ लाख २० हजार मरतात. त्यांतली सव्वा लाख पाच वर्षांच्या आतली मुले. आपण ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो तेथले वाटेकरी १५ कोटी आजारी आणि पावणेदोन लाख मृत. ही मुले श्रीमंतांची आहेत काय? चोचले म्हणाल तर आजारपण हाच आपल्याला न परवडणारा चोचला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचा मला आदर आहे. कडक नियम आले की पहिली मरते ती डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने येणारी गाबतीण. अगदी खरे. म्हणूनच दंडाची पावती घेऊन तिच्यामागे लागणारा अधिकारी मला नको आहे. तिला उन्हात जमिनीवर बसवले कोणी? तिने पाच रुपयांचा बर्फ घातला तर तो धरून भाव देण्यास तयार नसलेले गिऱ्हाईक कोण? आपणच. मासळीइतकाच बर्फ, वजनास वजन, हा ह्या हवेतला साधा हिशेब आहे. तो तिच्या एकटीच्या कमाईतून सुटणारा नाही. धुता येईल असा ओटा, वर सावली, वाहते पाणी, सांडपाण्याची नाली आणि बायकांसाठी मुतारी, एवढे बाजारात असले तर तिच्या हातून होणारे निम्मे दोष आपोआप जातील. बाजारात बसण्याची पावती तिच्याकडून घेतली जाते. त्या पैशाने तिला काय मिळते?

कोंबडीवाल्याची गोष्ट वेगळी. तेथे पाटीवाली नाही, मोठा व्यापार आहे, आणि पक्ष्यांना रोगाविनाही औषधे चारण्याची रीत आहे. माणसावरच्या शेवटच्या उपायांपैकी असलेले कोलिस्टिन कोंबड्यांना देणे केंद्र सरकारला २०१९ साली बंद करावे लागले, ह्यावरून काय ते समजावे. ह्यांच्याशी मात्र दंडाच्याच भाषेत बोलावे.

दिवाळीनंतरची ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारीला भरेल. झेंडा झाला, भाषणे झाली, की नेहमीप्रमाणे रस्ता आणि दिवाबत्ती निघेल. त्या वेळी कोणी तरी उठून एवढेच विचारावे, की मासळीबाजारातून वर्षाला किती रुपये जमा झाले, आणि त्यांतले बर्फाला, पाण्याला आणि ओट्याला किती गेले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, तोंडी घेऊ नये.